कोंबडीच्या पाठीवर मोठी जखम, घरी कसं सांभाळू?

रेवाकाठ | शनिवार, रात्री ८:२०

नमस्कार मंडळी, घाईत लिहिते आहे. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मागच्या अंगणात चार कोंबड्या आहेत, दोन कडकनाथ आणि दोन गावठी. आज दिवेलागणीला भटकं कुत्रं फाटकाखालून आत शिरलं आणि त्याने मैनाला, म्हणजे कडकनाथ तलंगीला, पाठीवर धरलं. सासरे काठी आपटत धावले तेव्हा कुठे सोडलं. पंखांच्या मधून शेपटीकडे जवळजवळ तळहाताएवढी कातडी फाटून लोंबते आहे, खालचं मांस दिसतंय. रक्त फारसं नाही. उभी राहते, पण पिसं फुलवून डोळे मिटून घेते.

दोन खाजगी दवाखान्यांत फोन केले. एकाकडे फक्त कुत्री-मांजरं बघतात. दुसऱ्याने विचारलं, "कोंबडीला काय दाखवता?" मुलीने मैनाला पिल्लू असल्यापासून वाढवलंय, ती रडून थकली आहे. आज रात्री काय करू? हळद भरू का? टाके न घालता एवढी जखम भरते का? कडकनाथची कातडीच काळी, त्यामुळे सूज आहे की मार लागलाय हेही कळत नाही.

डालगं | रात्री ८:२७

आधी तिला बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी करा. लगेच. लाल मांस दिसलं की त्याच टोचून टोचून जखम वाढवतात. आमच्याकडे कुत्र्यापेक्षा जास्त नुकसान बहिणींनीच केलं होतं.

निवृत्त_पशुवैद्य | रात्री ८:४१

ताई, नोकरीत असताना कोंबड्या हजारांनी बघितल्या, पण घरची एकच कोंबडी घेऊन येणारी माणसं मला जास्त आवडायची. सांगतो ते सावकाश वाचा.

कोंबडी दुखणं लपवते. आजारी दिसलं की आपण शिकार होणार हे तिच्या रक्तातच आहे. म्हणून 'उभी आहे, म्हणजे ठीक आहे' असं धरू नका. आजच्या रात्री जखमेपेक्षा धक्क्याची भीती मोठी. खोक्यात जुनी चादर किंवा टॉवेल घाला, भुसा नको, तो जखमेला चिकटतो. घरात, अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि धक्क्यात ते उतरतं. पावसाळी गारवा आहे, तेव्हा खोक्याच्या एका कोपऱ्याला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा. एकाच कोपऱ्याला ठेवा, नको वाटलं तर तिला सरकता आलं पाहिजे.

धरताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आतबाहेर होते. घाबरून घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरते.

आता जखम. टॉर्च घेऊन दोन गोष्टी बघा. श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येतात का? आजूबाजूची कातडी हवा भरल्यासारखी फुगली आहे आणि दाबल्यावर कुरकुरते आहे का? यातलं काही असेल तर दात वायुकोशापर्यंत, म्हणजे पक्ष्याच्या अंगातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोचलेत. मग तिथे पाणी अजिबात ओतायचं नाही, ते सरळ श्वसनमार्गात उतरू शकतं. नसेल तर धुवायला घ्या. मेडिकलमधून सलाईनची बाटली आणा किंवा एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमच्याने सपाट दीड चमचा, घाला. सुई काढलेल्या सिरिंजने हळू धार सोडत माती, केस, पिसांचे तुकडे निघेपर्यंत धुवा. पिसं उपटू नका, जखमेच्या कडेची कात्रीने कापा. नवीन फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते कापलं तर नव्याने रक्तस्राव सुरू होतो.

बिटाडिन असेल तर फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाणी घालून वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, स्पिरिट नको, डेटॉल नको. जंतूंबरोबर नवी पेशीही जळते.

टाक्यांचं म्हणाल तर कुत्र्याच्या चाव्याची जखम मी अशीच बंद केली नसती. आत घाण अडकते. कोंबडीची कातडी आतून आश्चर्य वाटावं इतकी भरते.

सुगंधा_कुडाळ | रात्री ८:५५

काका, हळदीबद्दल काहीच म्हणाला नाहीत? आमच्या आजीने कोंबड्यांच्या सगळ्या जखमा हळद आणि खोबरेल तेलावर बऱ्या केल्या. मुंगसाने धरलेली कोंबडीसुद्धा जगली होती.

निवृत्त_पशुवैद्य | रात्री ९:०४

सुगंधाताई, तुमच्या आजीच्या अनुभवाला नाव ठेवणार नाही. ओरखडा, तुऱ्याला चोच लागून झालेली जखम, तुटलेलं नख, यांना हळद चालते. पण उघड्या मांसावर पूड भरली की तिचा गोळा होतो, खाली काय चाललंय ते दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो काढताना नवी कातडी निघून येते. डब्यातल्या हळदीत काय मिसळलंय तेही ठाऊक नसतं. आणि पिसांना तेल लागलं की ऊब धरायची त्यांची ताकद जाते. आजच्या रात्री तिला तीच हवी आहे.

पोहे_जिलेबी | रात्री ९:१०

मीही इंदूरचाच. कटू बोलतोय, पण मनापासून. एवढी मोठी जखम असताना तिला ओढत जगवणं हे आपल्या समाधानासाठी असतं, तिच्यासाठी नाही. आमच्याकडे गावी अशा वेळी वडील एका क्षणात सोडवायचे. मुलीला समजावता येतं.

डालगं | रात्री ९:१८

पोहे_जिलेबी, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मोडकं कंबरडं, बाहेर आलेली आतडी, मान टाकलेली कोंबडी, अशा वेळी सोडवणं हीच दया. पण कातडी फाटणं त्यात बसत नाही. पाय हलतात, चोच उचलते, श्वास सरळ आहे, अशा कोंबडीला वेळ द्यायला हवा. काय करायचं ते तिच्याकडे बघून ठरवावं, फोटो बघून नाही.

रेवाकाठ | रात्री ११:३५

धुतली. बुडबुडे नाहीत, कुरकुरही नाही. लोंबणारी कातडी जागेवर ठेवून वर पातळ बिटाडिन लावलं. सासऱ्यांनी धरली, मी सिरिंज, मुलीने टॉर्च. एकदाही चोच मारली नाही तिने. आता न्हाणीघरात खोक्यात आहे. पाणी पित नाही, चोचीत सोडू का?

निवृत्त_पशुवैद्य | रात्री ११:४२

नको! कोंबडीच्या जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड उघडंच असतं. ओतलेलं पाणी तिकडे जातं. बोट ओलं करून चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल. किंवा चोचीचं टोक पाण्यात बुडवा. पाण्यात थोडं ओआरएस चालेल. खायची घाई नको. सकाळी उकडलेलं अंडं कुस्करून ठेवा.

चिवचिव | रविवार, सकाळी ७:०५

कशी आहे मैना? आणि एक शंका. कुत्रं भटकं होतं, तर रेबीजचं काय? कोंबडीला इंजेक्शन लागतं का?

निवृत्त_पशुवैद्य | सकाळी ७:३०

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग. कोंबडीला लस लागत नाही. पण सोडवताना कुत्र्याचा दात किंवा लाळ घरच्या कुणाच्या ओरखड्याला लागली असेल तर मात्र साबणाने १५ मिनिटं धुवून आजच दवाखाना गाठा. रेवाकाठ, सासऱ्यांना विचारून घ्या. आणि जखम हाताळल्यावर सगळ्यांनी हात साबणाने धुवा, मुलीने तर आठवणीने. कोंबड्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असतात.

रेवाकाठ | सकाळी ८:१५

सासऱ्यांना काही लागलेलं नाही, मी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मैना जिवंत आहे! अंडं खाल्लं, थोडं पाणीही प्यायली. विष्ठा हिरवट आहे.

डालगं | सकाळी ८:२२

उपाशी राहिली की हिरवट होते. खाऊ लागली की बदलेल.

बांधावरची | सकाळी ८:४०

पावसाळा आहे म्हणून एक गोष्ट ओरडून सांगते. माशा! आमची कोंबडी कुत्र्याच्या चाव्यातून वाचली आणि अळ्यांनी गेली. माशी ताज्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. जखमेच्या कडेला, पिसांच्या मुळाशी पांढरट बारीक कणांचे पुंजके दिसले तर ती अंडीच. चिमट्याने काढा, पुन्हा सलाईनने धुवा. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांधा. रोज सकाळ-संध्याकाळ शेपटीखालीही बघायचं, तिथे घाण साचते आणि माशा आधी तिकडेच येतात.

गावात गायी-बैलांच्या जखमेत टर्पेंटाइन सोडतात, तसं पाखराला करू नका. आम्हाला एका शेजाऱ्यांनी तेच सुचवलं होतं.

कर्वेनगरचा_कोंबडा | सकाळी ९:१२

घरात माणसांच्या गोळ्या आहेत, दुखणं थांबवायला त्यातलीच अर्धी दिली तर?

निवृत्त_पशुवैद्य | सकाळी ९:४०

हे विचारलंत ते बरं केलंत. डायक्लोफेनॅक तर मुळीच नाही. हे औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन आपली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली ती त्यामुळेच. कोंबडीचं मूत्रपिंडही ते सोसत नाही. पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम देतात, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरने ठरवावी. बधिर करणारी मलमंही टाळा. लिग्नोकेनसारखं औषध एवढ्या छोट्या जिवाला, एवढ्या मोठ्या जखमेतून, सहज जास्त होतं.

अँटिबायोटिकही मनाने नको. पण रेवाकाठ, कुत्र्याचे दात खोल गेले असतील तर ते लागेल, म्हणून तिला उद्या डॉक्टरला दाखवाच. तुमच्यापासून महू फार लांब नाही. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कोंबडी हा हसण्यावारी न्यायचा रुग्ण नसतो. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांकही आहे, विचारून बघायला हरकत नाही. औषध सुरू झालं की अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. ती कुणाला देऊही नका.

मांजराने धरलं असतं तर मी कालच रात्री पळवलं असतं तुम्हाला. मांजराचा दात सुईएवढं भोक पाडतो, वरून काही दिसत नाही आणि पाश्चुरेला जंतू आत सोडतो. एकदोन दिवसांत पाखरू जातं.

चिवचिव | सकाळी १०:०२

विषयांतर करते, पण कडकनाथची कातडी काळी म्हणजे आतून पण? मी फक्त ऐकलंय.

झाबुआकर | सकाळी १०:३०

आतून पण. मांस, हाडावरचं आवरण, जीभ, सगळं काळपट. रंगद्रव्यच शरीरभर पसरलेलं असतं. रक्त मात्र लालच. अंडं काळं असतं ही थाप आहे, ते फिकट तपकिरी-बदामी असतं. आमच्या झाबुआची ही जात, भिल्ल-भिलालांनी जपलेली. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

रेवाकाठ यांच्या अडचणीवर सांगतो. काळ्या कातडीवर रंग बघायचाच नाही. हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघायची, सूज बोटाने चाचपायची आणि वास घ्यायचा. सडायला लागलं की डोळ्याआधी नाकाला कळतं. दुसऱ्या कुशीची कातडी चाचपून तुलना करा. कोंबडीचा पू वाहत नाही, तो पनीरासारखा घट्ट, पिवळट गोळा होतो. त्यामुळे 'पू नाही' म्हणून निश्चिंत होऊ नका, कातडीखाली टणक गाठ लागते का ते बघा.

पोहे_जिलेबी | सकाळी ११:१५

अंगणात कोंबड्या ठेवायला शेजारी काही म्हणत नाहीत का? २०२० च्या डिसेंबरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले, त्यांच्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणी पाखराचं नाव काढू देत नाही.

रेवाकाठ | सकाळी ११:५०

आठवतंय. तेव्हा आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. शेजारच्या काकू कट्टर शाकाहारी, कांदासुद्धा वर्ज्य. सुरुवातीला नाक मुरडायच्या, आता सकाळी उरलेल्या भाकरीचा चुरा त्याच घालतात. काल रात्री दोनदा येऊन विचारून गेल्या.

निवृत्त_पशुवैद्य | दुपारी १२:१०

तो बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू होता, तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत झाली. जखमी कोंबडी आणि बर्ड फ्लू यांचा संबंध नाही. मात्र एकापाठोपाठ एक पाखरं अचानक मरायला लागली, तुरा निळा-जांभळा पडला, तर घरगुती उपचारात वेळ न घालवता पशुपालन विभागाला कळवायचं, मेलेलं पाखरू उघड्या हाताने उचलायचं नाही. आता मैनाकडे परत येऊ या.

रेवाकाठ | सोमवार, रात्री ९:००

महूला जाऊन आलो. डॉक्टर तरुण होत्या, अतिशय हळुवार हात. लोंबणाऱ्या कातडीचा काळपडलेला वाळका भाग कापून टाकला. त्यातला कुठला मेलेला आणि कुठला नुसता काळा, हे त्यांनी बोटाने चाचपून, कडेला रक्त येतं का बघून ठरवलं. टाका एकही नाही. दाताची दोन खोल भोकं होती, ती मला दिसलीच नव्हती, पिसांखाली झाकलेली. ती आतून धुतली. अँटिबायोटिक आणि दुखण्याचं औषध वजन करून दिलं. अंडी खायची नाहीत, किती दिवस ते लिहून दिलंय.

जखम कोरडी पडू द्यायची नाही असं सांगितलं. पक्ष्याची कातडी पातळ असते, मांस वाळलं तर नवी कातडी त्यावर सरकत नाही. पातळ थर मलमाचा, वर जाळीचं ड्रेसिंग, आणि पट्टी छातीभोवती आवळायची नाही.

सुगंधा_कुडाळ | रात्री ९:२०

किती बरं वाटलं वाचून! मुलीला माझ्याकडून शाबासकी. मलमाऐवजी मध चालतो का काका? आजी तोही लावायची.

निवृत्त_पशुवैद्य | रात्री ९:३५

इथे आजीला पूर्ण मार्क. मध चालतो, ओलावा धरतो आणि जंतूंना वाढू देत नाही. फक्त मुंग्या आणि माशा येतात, म्हणून वर झाकण हवंच. डॉक्टरांनी मलम दिलंय तोवर तेच चालू द्या, दोन्ही मिसळू नका.

रेवाकाठ | पुढच्या रविवारी, दुपारी

जखमेच्या तळाशी दाणेदार ओलसर मांस भरून येतंय, वास नाही. कडा आत सरकताना दिसतात. रोज त्याच अंतरावरून फोटो काढतोय, नाहीतर डोळ्याला फरक कळला नसता. ती आरडाओरडा करते, बाकीच्यांकडे जायचं आहे. सोडू का?

डालगं | दुपारी ३:१०

लाल दिसतंय तोवर नाही. पण एकटीही ठेवू नका. कोंबड्यांमध्ये उतरंड असते, बरेच दिवस दूर राहिली की परतल्यावर तिला पहिल्यापासून जागा मिळवावी लागते, आणि ती मारामारी पाठीवरच होते. खुराड्यातच जाळीचा आडोसा करून एका बाजूला तिला ठेवा. एकमेकींना दिसतील, पण चोच पोचणार नाही. कातडी बंद झाली की आधी गरीब स्वभावाच्या एकीबरोबर सोडा, मग बाकीच्या. कोंबडा असेल तर त्याला सगळ्यात शेवटी, पिसं येईपर्यंत तिच्या पाठीवर चढू देऊ नका.

चिवचिव | दुपारी ३:२५

पिसं परत येतात?

झाबुआकर | दुपारी ३:५०

नुसतं तुटलेलं पीस पिसं गळायच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. मुळापासून निघालेलं काही आठवड्यांत फुटतं. जिथे कातडीच गेली तिथे टक्कल राहू शकतं, त्याने तिचं काही अडत नाही. पिसं फुटताना प्रथिनं जास्त लागतात. शेंगदाण्याची पेंड, अंडं, अंगणातले किडे खाऊ द्या. अंडी देणं बंद झालं असेल तर काळजी नको, शरीर आधी स्वतःकडे बघतं.

पोहे_जिलेबी | रात्री ८:३०

रेवाकाठ, मी आधी जे म्हणालो ते तुमच्या मैनाच्या बाबतीत लागू नव्हतं, फोटो बघून पटलं. एक विचारतो, कुत्रं परत आलं तर? फाटकाखालची फट बुजवलीत का?

बांधावरची | रात्री ८:४५

बाजारात 'कोंबडीची जाळी' म्हणून षट्कोनी भोकांची मिळते ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी फाडतात. अर्धा इंच भोकाची वेल्डेड जाळी घ्या. मुंगूस आणि घूस त्यातूनही शिरत नाहीत. जाळी जमिनीत फूटभर गाडा, किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवा. खणणारा प्राणी भिंतीलगतच खणतो.

रेवाकाठ | रात्री ९:१०

फाटकाखाली लोखंडी पट्टी त्याच रात्री सासऱ्यांनी ठोकली. वेल्डेड जाळी सियागंजातून उद्या आणतो.

फतेहगंजचा_मनोहर | १५ जानेवारी, सकाळी ८:०५

जुना धागा वर काढतोय, माफ करा. मी वडोदऱ्याचा. काल उत्तरायण, म्हणजे आमची पतंगांची संक्रांत, झालं आणि आज सकाळी आमचा कोंबडा लंगडताना दिसला. पायात मांजा गुंडाळलाय, घोट्याच्या वर कातडीत रुतलाय, बोटं थंड लागताहेत. ओढून काढू का?

डालगं | सकाळी ८:१२

ओढू नका! ओढलं की करवतीसारखं आणखी खोल जातं.

निवृत्त_पशुवैद्य | सकाळी ८:२०

मनोहरराव, दोन माणसं लागतील. एकाने कोंबडा टॉवेलमध्ये गुंडाळून धरावा, छाती मोकळी ठेवून. दुसऱ्याने बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने मांज्याचे वेढे एकेक करून कापावेत, जिथे तो मोकळा दिसतो तिथे. रुतलेला भाग सलाईनने भिजवून सैल करा. सहज सुटला तर काढा, नाहीतर तसाच ठेवून डॉक्टरकडे न्या. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं न सोडता दाबा.

मग कोंबड्याला बोटावर बसवून बघा. बोटं आवळून पकडतो का? पकडत नसेल तर नुसती कातडी नाही, बोट ओढणारी दोरी, म्हणजे कंडरा, कापली गेली आहे, आणि ते घरचं काम नाही. बोटं थंड आहेत म्हणताय, म्हणजे रक्त पोचत नाही, म्हणून वेळ घालवू नका. गुजरातेत उत्तरायणाच्या दिवसांत, १० ते २० जानेवारी, जखमी पाखरांना वाचवायचं करुणा अभियान चालतं. १९६२ वर आत्ता फोन करा, या आठवड्यात पाखरांसाठी डॉक्टर तयारच असतात.

रेवाकाठ | सकाळी ८:३१

आणि वाटेत खोक्यात टॉवेल घालून अंधार ठेवा, शांत राहतो.

फतेहगंजचा_मनोहर | सकाळी ९:४०

तीन वेढे कापले, एक आत आहे. डाव्या पायाची मागची आणि मधली बोटं आवळतो, बाहेरचं नाही. फोन लागला, पत्ता दिलाय. निघालो.